खारकोंडची बाळघाटी

खारकोंडच्या सड्यावर, म्हणजे गावामागच्या कातळमाथ्यावर, चढायला एकच वाट आहे. खाडीकडून ती वर येते आणि माथ्याच्या जरा आधी दोन काळ्या कातळांच्या फटीतून निघते. फट एवढी अरुंद की डोक्यावर भारा असला तर तिरकं व्हावं लागतं. हिला बाळघाटी म्हणतात. पाहुणे नाव ऐकून खूश होतात, फोटो काढतात आणि कोणतं बाळ ते विचारतात. मग गावातल्या कोणातरी म्हाताऱ्याला खाली बसावं लागतं, कारण ही गोष्ट उभ्या उभ्या सांगायची नाही.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. तेव्हा गावात सगळी झावळ्यांची घरं होती आणि गावच्या होड्या नारबा तांडेलाच्या शब्दावर दर्यात जायच्या. त्याची बायको दुरपदा लांबच्या कुठल्याशा बंदरावरची. तिला एक खोड होती. वैशाख लागला की ती भाजके तांदूळ, कुळथाचं पीठ, मीठ आणि गारगोटी तेल पाजलेल्या कापडात बांधायची आणि ते गाठोडं दाराशी टांगून ठेवायची. सासू जाता-येता टोमणा मारायची, "माहेराक पळूची तयारी करून ठेयल्यान!" दुरपदा गाठोड्याची गाठ पुन्हा आवळायची. तिचा बाप आणि भाऊ तुफानात गेले, एवढं सासरी माहीत होतं. कसे गेले, हे कोणी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी होड्या किनाऱ्यावर ओढून घेण्याआधीच तुफान आलं. सकाळपासून वारा जमिनीकडून सुटला होता. माड मोडले, छपरं उडाली, खाडीचं पाणी उंबऱ्याला लागलं आणि माणसं हाताला येईल ते घेऊन सड्यावर पळाली. कोणी देव उचलले, कोणी बोकड. एकाने म्हणे मसाला वाटायचा पाटाच उचलला, आणि वर जाऊन आता वाटू काय म्हणून बघत बसला. दुरपदाने कडेवर तान्ही मुलगी घेतली आणि दुसऱ्या हातात गाठोडं. वर गावातली सगळी पोरं त्याच गाठोड्यातलं खाऊन शांत झाली. सासूनेही मूठभर तांदूळ खाल्ले. टोमणाही त्यांच्याबरोबर गिळला असावा.

दुपारी वारा पडला. एकदमच पडला आणि लख्ख ऊन आलं. खाली खाडीच्या तोंडाशी होड्या दिसल्या. बऱ्याच शाबूत होत्या, पण एकमेकींवर आपटत होत्या. दर्यावरचा माणूस घर पडलेलं बघू शकतो, होडी आपटताना त्याला बघवत नाही. सगळे पुरुष उठले.

दुरपदाने ते ऊन ओळखलं. माहेरीही त्या दिवशी असंच ऊन पडलं होतं. असाच तिचा बाप होडी वाचवायला खाली उतरला होता.

"जाव नकात!" ती ओरडली. "वारो मेलो नाय. तो परततलो. दर्यावरसून येतलो, आणि दर्याक घेवन येतलो!"

गावची सून भर माणसांत ओरडते, याचीच लोकांना जास्त लाज वाटली. नारबाने तिला समजावलं, "अगो, होडयो गेल्यो तर खातलंव काय?" तिने त्याचा हात घट्ट धरला. त्याने तो सोडवला.

मग ती सगळ्यांच्या पुढे धावली आणि त्या फटीत, उघड्या कातळावर, तिने मुलगी ठेवली.

आमच्याकडे तान्ह्या पोराला कोणी ओलांडत नाही. ओलांडलं तर पोर वाढत नाही. चुकून ओलांडलं गेलंच, तर ओलांडणाऱ्याने त्याच वाटेने परत ओलांडायचं, आणि तोवर पोर जागचं उचलायचं नाही, म्हणजे दोष फिटतो.

"जेका जावचा आसा, तेना माझ्या चेडवाक ओलांडून जावचा," दुरपदा म्हणाली.

पुरुष थबकले. त्यांनी शिव्या घातल्या, हात जोडले. सासू मुलगी उचलायला वाकली तेव्हा दुरपदा तिच्या हाताला कडकडून चावली म्हणे. बाजूला करवंदीची दाट जाळी. ती तोडायला कोणाकडे कोयता नव्हता, पाटा होता.

तेवढ्यात खाली एका होडीचा दोर तुटला आणि नारबाचा धीर सुटला. "बापूस आसंय मी तिचो," तो म्हणाला. "येताना परत ओलांडतंय. तवसर हयच ठेव तिका."

त्याने मुलीपलीकडे पाय टाकला आणि तो धावत उतरला.

तो होड्यांपाशी पोचला असेल-नसेल, वारा फिरला. आता दर्यावरून आला. त्याच्यामागून पाणी आलं आणि खाडी, होड्या, वाडी, सगळं एकच झालं. जे पुरुष फटीच्या वरच्या अंगाला अडकले होते ते कातळाला बिलगून जिवंत राहिले. त्यांतल्या एकानेही त्या दिवशी दुरपदाकडे मान वर करून पाहिलं नाही.

पाणी घाटीत चढत होतं आणि दुरपदा मुलीवर ओणवी होऊन पावसात पडून होती. लोक म्हणाले, उचल तिला. ती उचलेना. "तो येतलो. तेना परत ओलांडूक व्हया," एवढंच म्हणत राहिली. दुसरा दिवस उजाडला, पाणी ओसरलं, मुलगी तापाने फणफणली, तरी ती उचलेना. जबरदस्ती करायला गेलेल्यांवर ती दगड उगारी.

शेवटी सासू उठली. कोणाशी न बोलता ती पोटावर सरपटत करवंदीच्या जाळीत शिरली. काट्यांनी लुगडं फाटलं, अंग सोलवटलं. खालच्या अंगाने ती वाटेवर आली आणि फटीपाशी उभी राहिली. लेकाची वाट तीही बघत होती, पण तिने मागे वळून पाहिलं नाही.

"सूनबाय, तेचो पाय माझ्याच पोटातलो," ती म्हणाली आणि नातीला ओलांडून वर आली.

तेव्हा कुठे दुरपदाने मुलगी उचलली. आणि मग ती रडली.

मुलगी जगली. नारबा कुठे सापडला नाही.

आजही वैशाखात खारकोंडच्या घराघरांतून एकेक गाठोडं सड्यावर येतं आणि वर पेज शिजते. गावातलं सगळ्यांत लहान मूल फटीत निजवतात. तांडेलांच्या घरातली म्हातारी आधीच खाली जाऊन थांबलेली असते. ती येऊन मुलाला ओलांडते, आणि मगच आई त्याला उचलते. तोवर कोणी पुरुष खाली उतरत नाही. म्हातारी वर पोचली तरी माणसं लगेच हलत नाहीत. तिच्यामागच्या रिकाम्या वाटेकडे सगळं गाव थोडा वेळ बघत राहतं.