गुबगुबीत ठोकळा

आगगाड्या धूर सोडायच्या, त्या काळातली गोष्ट. घाटातून जाणाऱ्या एका पॅसेंजरच्या डब्याखाली ब्रेकचे दोन लोखंडी ठोकळे राहायचे, चाकाच्या अल्याड एक, पल्याड एक. ब्रेक लागला की चाक घट्ट धरायचं आणि झिजायचं, एवढंच त्यांचं काम. एक झिजून पापड झाला होता. दुसरा मात्र आला तसाच गुबगुबीत.

"काय रे रोडक्या, खातोस की नाही? माझं अंग बघ, हाडच चांगलं!"

"दादा, उतारावर फार जड जातं हो. एखाद्या दिवशी तुटेन मी."

"सवय कर."

पुढे मोठी तपासणी आली. इब्राहिम मिस्त्री डब्याखाली शिरले, तशी गुबगुबीतानं छाती फुगवली. आता शाबासकी मिळणार!

मिस्त्रींनी रोडक्यावरून बोट फिरवलं. "कसा टिकलास रे बाबा? अजून एखादा घाट, आणि माणसांसकट डबा दरीत गेला असता." मग ते पलीकडे वळले आणि हसतच सुटले. "आणि हे जावईबापू बघा! याला चाकावर दाबणाऱ्या दांड्याची पिन गंजून अडकलीय. हा चाकाला कधी शिवलाच नाही!"

गुबगुबीताला भुईत शिरावंसं वाटलं, पण बसवला होता पक्का. मिस्त्रींनी पिन मोकळी केली आणि रोडक्याच्या जागी नवा ठोकळा लावला. पहिल्याच उतारावर गुबगुबीताच्या अंगातून ठिणग्या उडाल्या आणि तो जन्मात पहिल्यांदा किंचाळला.

पुढच्या तपासणीनंतर तो भंगाराच्या ढिगात येऊन पडला. तिथे रोडका होताच.

"अरेच्चा, दादा! ओळखलंच नाही. ही काय दशा?"

"काही नाही रे," तो म्हणाला, "जरा उशिरा नोकरीला लागलो."