तीन बादशहा आणि म्हाळूची पायली

एका गावात एक भोळा मापारी होता. नाव म्हाळू. खळ्यावर धान्य मोजायचं, एवढंच त्याला येत होतं. पायली भरायची, वरून हात फिरवून जास्तीचं खाली पाडायचं, की झालं माप. सांगाल ते तो करायचा. सांगाल तेवढंच करायचा. म्हणून तर त्याची बायको ठकू दिवसभर डोक्याला हात लावून बसायची.

गावाचं नाव तिकटी. तीन राज्यांच्या सीमा तिथे मिळत होत्या. झालं होतं असं, की यवनांचा थोरला बादशहा जग जिंकता जिंकता तापाने मेला. गादी कुणाला, ते नीट सांगितलंच नाही. मग त्याच्या सरदारांनी राज्य वाटून घेतलं, पंगतीत शेवटची पोळी ओढाताण करून फाडावी तसं. एकाने मोठ्या नदीचा मुलूख घेतला. दुसऱ्याने हत्ती घेतले आणि हत्ती चालतील तेवढी जमीन घेतली. तिसऱ्याच्या वाट्याला बादशहाचं मूळ गाव आणि जुनी गादी आली. तिघेही स्वतःला बादशहा म्हणवू लागले. म्हणायला काय जातंय!

तिघांनी तिकटीला सांगावा धाडला. "पुनवेला वेशीवरच्या काठीवर आमच्यातल्या एकाचं निशाण चढवा. ज्याचं चढवाल तो गाव राखील. काठी रिकामी दिसली, तर तिघे मिळून लुटू."

चावडीवर म्हातारे भांडू लागले. कुणी म्हणे नदीवाला सरस, कुणी म्हणे हत्तीवाला, कुणी म्हणे गादी ती गादी. त्या तिघांना पाहिलं मात्र एकानेही नव्हतं.

ठकू कडेवरची तान्ही लेक सावरत म्हणाली, "अहो पाटील, नुसते भांडता काय? कुणाच्या राज्यात लेकरं निवांत झोपतात, ते जाऊन बघा की."

रावजी पाटील खाकरले. त्यांना काही जायचं नव्हतं. "म्हाळ्या, तू मापारी. तूच जा. आधी नदीवाल्याच्या राज्याचं माप घेऊन ये."

म्हाळूने मान डोलावली, पायली काखेत मारली आणि निघाला.

नदीवाल्याची कोठारं फुटायला आली होती. पोथ्यांनी भरलेलं एक भलंमोठं घर होतं, त्यात पंडित एकमेकांवर खेकसत होते. म्हाळू तिकडे फिरकला नाही. तो थेट नदीवर गेला. गाळाने पायली भरली, वरून हात फिरवला आणि डोक्यावर घेऊन परत आला.

"हे घ्या नदीवाल्याचं राज्य. काठोकाठ आहे."

"अरे बैला!" पाटील ओरडले. "चिखल काय आणतोस? माणसं बघायची, माणसं!"

"आता माणसंच बघतो," म्हाळू म्हणाला. पायली काखेत मारली आणि निघाला.

हत्तीवाल्याच्या शहरात पाचशे हत्तींची मिरवणूक चालली होती. म्हाळू रस्त्याच्या कडेला बसला. डोळे ताणून माणसं बघितली. परत आला.

"काय दिसलं?"

"पाचशे माणसं. सगळी हवेत बसून चालली होती."

"हवेत? अरे, खाली काही नव्हतं?"

"होतं काहीतरी. मोठं, काळं. पण ते माणूस नव्हतं. म्हणून मी बघितलं नाही."

बापाचं बोलणं कानावर पडू नये म्हणून ठकूने लेकीचे कान झाकले.

"ठोंब्या!" पाटील म्हणाले. "वरचा माणूस काय बघतोस? तो कशावर बसलाय, ते बघायचं!"

"आता तेच बघतो," म्हाळू म्हणाला. पायली काखेत मारली आणि निघाला.

तिसऱ्याच्या दरबारात बादशहा गादीवर बसला होता. सगळे वाकले. म्हाळूही वाकला. मग आणखी वाकला आणि रांगत सिंहासनाखाली शिरला. शिपायांनी त्याला पाय धरून बाहेर ओढलं आणि पाठ सुजेपर्यंत बडवलं.

"काय बघितलंस?" पाटलांनी विचारलं.

"सिंहासनाला चार पाय. चौथा मोडलाय. त्याखाली वीट लावलीय."

"आणि बादशहा?"

"तो वर होता. वरचं बघू नको म्हणालात."

पाटलांनी पागोटं काढून आपटलं. "एकाचा चिखल, एकाची हवा, एकाची वीट! यांची तुलना करायची तरी कशी? तिघांना एकाच मापाने मोजायचं असतं. मापाऱ्याला एवढंही कळू नये?"

"मग आधी सांगायचं ना," म्हाळू म्हणाला. "तेवढंच तर मला येतं."

पुनव उजाडली. तिन्ही टेकड्यांवर तीन फौजा उभ्या राहिल्या. तीन वकील आपापलं निशाण घेऊन वेशीत आले. एकावर मगर, एकावर हत्ती, एकावर सूर्य. पाटील दोन पावलं मागे सरले. म्हाळू मात्र पुढे झाला. एका हातात पायली, दुसऱ्या हातात विळा.

त्याने पहिलं निशाण पायलीत कोंबलं. मगरीचं शेपूट बाहेर राहिलं. विळ्याने ते छाटलं. दुसरं कोंबलं. हत्तीची सोंड छाटली. तिसरं कोंबलं. अर्धा सूर्य गेला.

"झालं माप," म्हाळू म्हणाला. "जास्तीचं काढलं, की तिघेही सारखेच भरतात."

वकिलांचे हात तलवारीकडे गेले. टेकड्यांवर शिंगं वाजली. ठकूने लेकीला छातीशी घट्ट धरलं. "अहो, लेकराकडे बघून तरी काहीतरी करा!"

पाटील धावत आले आणि म्हाळूचा दंड गदागदा हलवू लागले. "मेल्या, काठी रिकामी आहे! हाताला लागेल ते बांध आणि चढव वर! आणि एकदा चढवलंस, की कुणाच्या बापाचं ऐकून उतरवू नकोस!"

म्हाळूने मान डोलावली. हाताला पाटलांचा कमरेचा शेला लागला. त्याला काठीचा दोर बांधला आणि सरसर ओढला.

वकिलांनी वर बघितलं. "हे काय?"

"निशाण," म्हाळू म्हणाला.

"अरे, हा तर तुमचा पाटील!"

"हाताला लागला."

तिघे वकील एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. आपल्याच पाटलाला काठीवर टांगणारी माणसं परक्यांना कुठे टांगतील, याचा नेम काय? त्यांनी शेपूट, सोंड आणि अर्धा सूर्य गोळा केला आणि काढता पाय घेतला. कुणाचं निशाण जास्त छाटलं, यावरून तिघे जाताना भांडत होते. मागोमाग फौजाही गेल्या.

"म्हाळ्या!" वरून पाटील ओरडले. "गेले ते! उतरव मला!"

"तुम्ही दोन पोरांचे बाप आहात ना?"

"आहे! त्याचं काय?"

"मग तुमचं ऐकायचं नाही."

पाटील ओरडून ओरडून लाल झाले. सगळं गाव ठकूकडे वळलं. "ठकू, तू तरी सांग तुझ्या नवऱ्याला!"

ठकूने मान वर करून बघितलं. त्या दिवशी तिने पहिल्यांदाच डोक्याला हात लावला नाही. लेक तिच्या खांद्यावर अंगठा चोखत गाढ झोपली होती.

"हळू बोला, लेकरू झोपलंय," ती म्हणाली. "आणि पाटलांना राहू द्या तिथंच. इतक्या वर्षांत आजच कुठे गावाच्या कामाला आलेत."