हिऱ्यात डोकावलेला पाणाड्या

एकदा काय झालं, धुकं पडलं. कसलं धुकं म्हणता! गाईला वासरू दिसेना, वासराला गाय दिसेना. दोघं हंबरत हंबरत एकमेकांवरच आपटली. सूर्य उगवला की नाही, ते कोंबड्यालाही कळेना. मग त्यानं आपली अंदाजानं एक बांग दिली आणि तो परत झोपला.

त्या धुक्यात म्हाळू पाणाड्या आपल्या दारात उभा होता. पाणाड्या म्हणजे विहीर कुठं खणायची ते सांगणारा, बरं का. म्हाळूकडे उंबराची एक बेचकी होती, दोन फाट्यांची काठी. ती हातात धरून तो माळावरून चालायचा. भुईत पाणी असलं की बेचकी वाकायची. बास, तेवढंच त्याला यायचं. पण पाण्याविषयी तो कधी खोटं बोलला नव्हता. पाण्याची खोटी साक्ष दिली की सात जन्म तहान लागते, असं त्याचा बाप सांगायचा.

मग धुक्यातून एक शिपाई आला. आधी भाला आला, मग मिश्या आल्या, मग शिपाई आला.

"पाण्याची पारख असलेला माणूस इथंच राहतो का रं?"

"व्हय जी. मीच की."

"मग चल. राजानं बोलावलंय."

म्हाळूला वाटलं, राजाला विहीर खणायची असेल. त्यानं बेचकी काखेत मारली आणि तो शिपायाच्या मागं निघाला. शिपाई दिसत नव्हता. खोकला की कळायचं, इकडं आहे.

राजवाड्यात भरदिवसा दिवे लावलेले. राजा म्हणाला, "आलास? बरं झालं. आमचा जुना पारखी वारला, आता सगळं तुझ्यावर. बघ, पाणी आहे का?"

म्हाळूनं खाली बघितलं. खाली गालिचा होता. त्यानं गालिच्याचा कोपरा उचलला. खाली फरशी.

"हितं खणायचं, सरकार?"

"खणतोस काय! अरे, हे बघ, हे!"

राजासमोर तबक होतं. तबकात तीन खडे. म्हाळू खड्यांकडे बघतच राहिला. मग राजाकडे बघत राहिला. त्याला काही उमगेना.

"हे आमच्या घराण्याचे हिरे," राजा म्हणाला. "हा जवाहिऱ्या म्हणतो, जुने झाले, पाणी गेलं यांचं, तेज उरलं नाही. खरंच गेलं असेल तर आजच्या आज हा त्यांना नवे पैलू पाडणार."

"पाडणार? मग उचलायचे कुणी?"

जवाहिऱ्या खो खो हसला. दर्यापलीकडून नवी विद्या शिकून आलेला माणूस तो. हिरे घासायचं त्याचं चाक कोपऱ्यात घरघर फिरायलाही लागलं होतं.

तेवढ्यात मागून बारीक आवाज आला. "पाणी आहे रे त्यांना. मोडू नको."

त्या आईसाहेब. राजाची आई. डोळे पार अधू झालेले.

"आई, तुला समोरची पणती दिसत नाही, हिऱ्याचं पाणी कुठलं दिसतंय?" राजा म्हणाला. आईसाहेब पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, गुंडाळत राहिल्या.

म्हाळूला वाटलं, पळून जावं. पण बाहेर धुकं. मग त्यानं डोळे मिटले आणि पहिल्या खड्यावर बेचकी धरली.

पहिला हिरा पोलकी. फार जुन्या काळचा. तेव्हा हिरा घासायला लोक भ्यायचे. भुईनं दिला तसा घ्यायचा, वरची साल काढायची आणि सोन्यात बसवायचा. त्याच्यावर बेचकी आली आणि काय सांगू, वाकली की! म्हाळू दचकला. वाकून आत बघतो तर तळं. ढगाळ दिवसाचं तळं, हलत नाही, डुलत नाही. आणि काठावर एक छोटीशी नवरी, पैंजणाचे पाय पाण्यात सोडून बसलेली.

दुसरा हिरा परब. पुढं कुणाला तरी धीर आला, त्यानं हिरा वरून खालून सपाट केला. इवलीशी खिडकीच म्हणा. बेचकी तिथंही वाकली. आत चौकोनी आड, पार तळापर्यंत नितळ. आणि तळाशी एक माणूस पागोटं बांधत होता. त्यानं वर बघितलं आणि हसला. म्हाळूनं घाबरून रामराम केला.

तिसरा हिरा विलंदी. खालून सपाट, वरून मिटलेल्या कळीसारखा. आत बघतो तर पायऱ्यांची बारव, आणि पायरीपायरीवर दिवा. दिव्यांमधून एक पोरगं पळतंय. मागं एक बाई वाटी घेऊन, "अरे, एक घास! चिऊचा तरी!"

म्हाळूनं बेचकी उलटीपालटी करून बघितली. दगडात पाणी? पाण्यात माणसं? आणि ओली कशी होत नाहीत?

"बोल की," राजा म्हणाला.

"पाणी हाय सरकार. तिन्हीत हाय. पयल्यात उथळ, दुसऱ्यात नितळ, तिसऱ्यात पायऱ्या उतराव्या लागत्याल."

"पायऱ्या?" राजाचं डोकं गरगरलं.

जवाहिऱ्यानं पुढं येऊन आपला स्वतःचा हिरा ठेवला. नव्या तऱ्हेचा, सगळ्या अंगानं पाकळ्या पाकळ्या. त्याला म्हणायचे कमळ. "आता हा बघ!"

बेचकी थरथरली. इकडं ओढली, तिकडं ओढली. म्हाळू वाकला, तर उजेड असा उसळला की त्याचे डोळेच मिटले.

"ह्यातबी पाणी हाय, मालक. लई हाय. पण कारंजं हाय ते. बगायला झ्याक. वाकून बगू द्येत न्हाई."

"तेच तर कसब आहे!" जवाहिऱ्या म्हणाला.

राजा चक्रावला. "म्हणजे कुठला चांगला?"

"मला काय ठावं, सरकार? आड असू दे, बारव असू दे. पाणी असल्याली हीर कुणी बुजवत नाय, एवढं ठावं."

"मी कुठं बुजवतोय? घासून पैलू पाडायचे."

"घासल्यालं जातं कुठं?"

"त्याची धूळ होते."

"आन् आत पागोटंवाले हायेत, ते?"

चाक तेवढं घरघरत होतं. आणि आईसाहेब भिंत चाचपत पुढं आल्या.

"काय म्हणालास? पागोटं? डावीकडं कललेलं होतं?"

"व्हय आईसाहेब."

"कितीदा सांगितलं, सरळ बांधा म्हणून," आईसाहेब म्हणाल्या आणि हसल्या. मग राजाला म्हणाल्या, "मला दुसरं काही दिसत नाही रे बाळा. दिवा लावला की ह्या तिन्हींत तेवढं दिसतं. नवरी होऊन आलेली मी दिसते, तुझे बाबा दिसतात. तू दिसतोस, घास न खाता पळणारा. म्हातारीला चळ लागला म्हणशील, म्हणून बोलले नाही."

राजानं हिऱ्यांत डोकावून बघितलं. त्याला काही दिसलं की नाही, कुणाला ठाऊक. पण तो उठला, आणि त्यानं स्वतःच्या हातानं ते चाक थांबवलं.

मग तिन्ही हिरे आईसाहेबांच्या उशाशी गेले. जवाहिऱ्याला खाणीतले नवे खडे मिळाले, त्यांची तो खुशाल कमळं करत बसला. सगळ्यांचं छान झालं, बरं का. आणि म्हाळू निघणार, इतक्यात धुक्यातून दुसरा शिपाई एका चष्मेवाल्या म्हाताऱ्याला घेऊन आला. "पाण्याची पारख करणारा मी," म्हातारा म्हणाला.

"मग मी कोण?" म्हाळूनं विचारलं. ते कुणालाच सांगता येईना.

वाटभर तो तोच विचार करत राहिला. घरी पोचला तरी धुकं तसंच. शेजारचा सटवाजी ओट्यावर घोंगडी पांघरून पडला होता. सटवाजीला ऐकायला जरा कमी यायचं. म्हाळू त्याच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "सटवाजी, आज राजाच्या खड्यात पाणी लागलं रं!"

सटवाजीनं कूस बदलली आणि म्हणाला, "खड्ड्यात पाणी लागलं, त्यात नवल ते काय, येड्या? नीज आता."