येते हं, ताई!

पाव भट्टीत जायच्याही आधीची गोष्ट आहे. पावाच्या पिठावर दोन मनुका, सख्ख्या बहिणी, अगदी खेटून बसल्या होत्या. पीठ फुगायला लागलं तशी धाकटी लांब लांब सरकली. जाताना म्हणाली, "येते हं, ताई!"

थोरली वाट बघत राहिली. शेजारीण मनुका म्हणाली, "अगं, दिसत नाही म्हणजे नाहीच ती. पीठ इथंच संपतं."

थोरलीला काही ते पटेना. तिनं एका मुंगीला धाकटीच्या शोधात धाडलं. मुंगी दमून परत आली.

"मावशी, मी एक पाऊल टाकते तोवर पीठ दोन पावलं वाढतं. ती काही दिसली नाही. वाटेत तिची जुनी हाक तेवढी भेटली. ती हाक बिचारी अजून तुझ्याकडे चालतेच आहे."

"काय म्हणत होती?"

"येते हं, ताई!"

थोरली शेजारणीला म्हणाली, "जरा सरकून बस बाई. तिची जागा आहे ती."