गाईचं कूळ, लेकीचं कूळ

मंडळी, विश्वास कुणावर ठेवावा? गोड बोलणाऱ्यावर, की विचारलेलं सांगणाऱ्यावर? माझी शाळा बाजारातच झाली. तिथे एक व्यापारी प्रत्येक पोत्यामागे शपथ घ्यायचा. पण पोत्यात परखीची टोकदार नळी खुपसून आतले दाणे बघू म्हटलं, की त्याला राग यायचा. त्याच्याकडून मी कधी मूठभरही धान्य घेतलं नाही. आता बसा, लहानांना पुढं बसू द्या. गोष्ट जरा दमानं ऐकायची आहे.

फार जुन्या काळी, वजनांवर राजाचा शिक्का नव्हता आणि ज्याचा त्याचा शेर वेगळा होता, तेव्हा एका डोंगराळ राज्यात एक वैद्य राहत होता. पुरुषाच्या दोषामुळे ज्या घरात पाळणा हलत नसे, तिथे तो परक्या पुरुषाचं बीज आपल्या विद्येनं बाईच्या कुशीत रुजवायचा. बीज कुणाचं, असं विचारलं की हात जोडायचा.

"देवाचा प्रसाद म्हणा आणि घरी जा."

ज्यांना इतक्या वर्षांनी मूल मिळणार, ती माणसं कशाला वाद घालतील? ती घरी जायची.

अशीच एका गवळ्याला लेक झाली. त्यानं तिला जिवापाड जपलं, आणि ती कळती झाल्यावर खरं काय तेही सांगितलं.

लेक मोठी झाली आणि तिचे डोळे जाऊ लागले. दिवेलागणीला तिला उंबरा दिसेना. गावात डोळ्यांवर औषध देणारी एक म्हातारी होती. तिनं पापण्या उचलून पाहिलं.

"पोरी, हे रक्तातून आलं असेल तर एक औषध, उन्हानं झालं असेल तर दुसरं. चुकीचं घातलं तर आहे तेवढंही जाईल. बापाकडे कुणाला आहे का असं?"

"माझ्याकडे कुणाला नाही," गवळी म्हणाला, "पण माझ्याकडचं विचारून काय उपयोग?"

बापलेक वैद्याकडे गेली. वैद्य आता सुखवस्तू झाला होता, दारात दोन झोपाळे होते.

"त्याचं नावगाव आता कुठून आठवणार? त्या एकाचं बीज कितीतरी घरी दिलं. माणूस देखणा होता, एवढं खरं."

"किती घरी?" लेकीनं विचारलं.

"ते कोण मोजतं? अगं, जन्म मिळाला ना तुला? आणखी काय हवं?"

"डोळे," लेक म्हणाली.

मग दोघं दरबारात गेली. प्रधान हसला. "दानाची कधी चौकशी करतात का?"

गवळी थकला होता, तरी बोलला. "महाराज, मी गाय घेताना विचारतो, वळू कुठला, आई कशी, घराण्यात काही खोड आहे का. बापलेकीची जोडी लागू नये म्हणून गावच्या वळूला त्याच्या कालवडी मोठ्या व्हायच्या आत पलीकडच्या खोऱ्यात धाडतो. हा नियम तुमच्या आजोबांनीच घालून दिला. माझ्या गोठ्याला नियम आहे, मग माझ्या घराला का नाही?"

"गुरांची गोष्ट वेगळी," प्रधान म्हणाला.

"हो ना. त्यांची काळजी घेतलीत तुम्ही."

राजानं मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली, वैद्याच्या विद्येनं जन्मलेल्यांनी दरबारात यावं. कोण येणार लगेच? कुणाला लाज, कुणाला भीती, आणि कित्येकांना तर ठाऊकच नाही. पावसाळा सरला तेव्हा कुठे दरबार भरला. दिवे लागले, आणि पायरीवर एक उंच तरुण अडखळला. थोड्या वेळानं कोपऱ्यातली एक बाई भिंत चाचपू लागली. गवळ्याच्या लेकीसारखीच दोघांची हनुवटी.

डोळ्यांची औषधं देणारी म्हातारीही आली होती, ती उठली. "रक्तातलंच आहे."

औषध ठरलं. गर्दीत एक लहान मुलगी होती, तिला नुकतीच सुरुवात झाली होती. तिचे डोळे वाचले. गवळ्याच्या लेकीला मात्र उशीर झाला होता.

राजानं नियम केला. बीज देणाऱ्याचं नाव, गाव आणि घराण्यातले आजार लिहून ठेवायचे. एकाचं बीज मोजक्याच घरी द्यायचं. मूल मोठं होऊन विचारील, तेव्हा सांगायचं. आणि हे सगळं नीट होतं का, ते राजाच्या माणसांनी येऊन पाहायचं.

"अशानं बीज देणार कोण?" वैद्य कुरकुरला.

"ज्याला तोंड लपवायचं नाही तो," लेक म्हणाली.

पुढे ती लहानगी अधूनमधून गोठ्यावर यायची. गवळ्याची लेक हातानं चाचपत धार काढायची.

"ताई, नव्या वासराच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे."

"असेल गं," ती म्हणायची.

तात्पर्य: जन्म देण्याचा धंदा करणाऱ्यानं त्या जन्माचा उगमही सांगावा, आणि तो सांगतो की नाही हे राज्यानं पाहावं.

तेव्हा मंडळी, एवढं माझं ऐका. तुम्ही दाणे विका नाहीतर दुसरं काही, हिशेब खरा ठेवा. ज्याला तो वाचायचा आहे, तो कदाचित अजून जन्मलाही नसेल.