चारशे अर्थांची श्रीमंती

कॉलेजात मराठी शिकवायची जागा एकच होती, आणि तिच्यासाठी मृण्मयी खांबेटे मुलाखतीला बसली होती. संस्थेचे अध्यक्ष दिघावकरसाहेब टायची गाठ चाचपत म्हणाले, "बाई, इंग्रजीत एकट्या 'सेट' शब्दाचे चारशेवर अर्थ! आहे का तुमच्या मराठीत एवढी श्रीमंती?" आणि त्यांनी टेबलावर थाप मारली.

मृण्मयी दचकलीच. पण बोलून गेली, "सर, आमच्या होस्टेलच्या खोलीत एकच पातेलं होतं. त्यातच चहा, त्यातच वरण, आणि डोक्यावरून न्हायचं पाणीही त्यातच. त्याला आम्ही श्रीमंती नव्हतो म्हणत."

साहेबांना ठसका लागला. त्यांचं पाणी पिऊन व्हायच्या आत शेजारी बसलेल्या प्राचार्यबाईंनी विचारलं, "सोमवारपासून येशील?"