रांगेतली शेवटची

शाळा सुटल्यावर रांगेत सगळ्यात शेवटी जो चालतो, त्याच्याकडे कोण बघते? मी हे गुरुजींना विचारले, शेजारीपाजारी विचारले. कोणीच उत्तर दिले नाही. माझी बहीण शेवटी चालायची. मुलांनो, म्हणून ही गोष्ट तुम्हाला सांगतो.

डोंगरावर एक जंगल होते. तिथे भर दुपारीसुद्धा असे धुके उतरे की आपलाच पाय आपल्याला दिसत नसे. एका जांभळीखाली म्हातारे कासव पिल्लांची शाळा घेई. घरची वाट दरीच्या कडेने जात होती, म्हणून शाळेची एक रीत होती. पुढे गुरुजी चालत, आणि मागे प्रत्येकाने पुढच्याची शेपटी तोंडात धरायची. आपली शेपटी सुटली असे ज्याला कळेल त्याने ओरडायचे, की सगळी रांग थांबे.

वर्गात साळिंदराची एक छोटी मुलगी होती. तिच्या शेपटीचे काटे पोकळ होते. ती चालू लागली की ते खुळ्‌खुळ् वाजत. शाळा सुटली की ती कोल्ह्याच्या पिल्लाजवळ जाऊन म्हणे, "आज तुझी शेपटी धरू?"

"नको गं बाई, टोचशील!" पिल्लू म्हणे. "मागून ये की. तुझे काटे वाजतात, तेवढ्यावरून कळतं आम्हाला."

"चालता-बोलता खुळखुळा!" ससा म्हणे, आणि सगळे हसत. तीही हसे. रडली असती तर ते आणखी हसले असते. गुरुजी ऐकत आणि म्हणत, "चला रे, उशीर होतोय."

साळिंदराच्या तोंडाला काटे नसतात. पण तिच्या तोंडाकडे कोणी कधी नीट पाहिलेच नव्हते.

एके दिवशी फार दाट धुके पडले. दरीच्या वळणावर मागचे खुळ्‌खुळ् अचानक थांबले. रुसली असेल, असे कोल्ह्याच्या पिल्लाला वाटले. त्याची शेपटी कोणी धरलीच नव्हती, मग ती सुटली असे ते कसे ओरडणार? रांग पुढे गेली. साळिंदराची मुलगी घरी पोचली नाही. दरीत शोधले, ओढ्यात शोधले, काहीच सापडले नाही.

त्यानंतर पुन्हा धुके पडले तेव्हा रांगेच्या मागे आवाज आला. खुळ्‌खुळ्. पिल्ले थांबली की तोही थांबे. ती चालू लागली की तोही निघे. गुरुजी म्हणाले, "मागे बघू नका." मग शेवटी चालायला कोणीच तयार होईना. "तू जा मागे!" "मी नाही, तूच जा! तुझ्यामुळेच ती येते!" शाळा सुटली की अशी ढकलाढकली सुरू होई.

त्या मुलीचा एक थोरला भाऊ होता. तो शाळेत कधी गेला नव्हता, आणि राग आला की त्याला काही सुचत नसे. एका दुपारी तो काटे फुलवून थेट वर्गात शिरला.

"तिच्या पुढे कोण होतं?" त्याने विचारले.

गुरुजींनी मान कवचात ओढून घेतली.

"कोण होतं, सांगा! नाहीतर सगळ्यांनाच टोचतो!"

कोल्ह्याचे पिल्लू रडू लागले. तेवढ्याने भावाला कळले. तो त्याच्यावर धावणार, इतक्यात धुके आले आणि गुरुजींनी घाईघाईने रांग लावली. भाऊ दात-ओठ खात मागून निघाला. वळणावर गाठायचे आणि टोचायचे, असे त्याने ठरवले होते.

वळणावर तो थांबला. त्याचे काटे गप्प होते. तरी आवाज आला. खुळ्‌खुळ्. त्याच्याही मागून.

"चिमे?" तो म्हणाला.

पुढच्या पिल्लांनीही तो आवाज ऐकला. त्यांच्या तोंडातल्या शेपट्या सुटल्या, आणि ती वाट सोडून धावली. पाय दरीकडेच वाजत होते. जाऊ देत, असे भावाला क्षणभर वाटले. आणि दुसऱ्याच क्षणी तो झेप घेऊन कड्यावर आडवा पडला, सगळे काटे उभे करून. सगळ्यात आधी ससा येऊन काट्यांवर आदळला आणि किंचाळला. बाकीची जागच्या जागी थांबली.

"पळताय कुणाला बघून?" भाऊ ओरडला. "ती भिववत नाही रे तुम्हाला! ती अजून घरी पोचली नाही, एवढंच. कोणी शेपटी दिली नाही तर कशी पोचेल?"

मग कोल्ह्याचे पिल्लू मागे गेले, सगळ्यांच्या मागे, आणि त्याने आपली शेपटी धुक्यात लांब केली.

"धर," ते म्हणाले.

बराच वेळ काही झाले नाही. मग काहीतरी गार आणि मऊ असे शेपटीला लागले. धरल्यासारखे.

"टोचत नाही," पिल्लू हळूच म्हणाले, आणि पुन्हा रडू लागले.

रांग निघाली. भाऊ दरीच्या बाजूने चालला. ससा, वानर, एकेक जण आपापल्या घरी वळला. साळिंदराच्या बिळापाशी आल्यावर कोल्ह्याच्या पिल्लाची शेपटी अलगद सुटली.

ते ओरडणार होते. भावाने मानेनेच नको म्हटले. त्याने बिळाच्या तोंडावरचे गवत बाजूला केले आणि कोणीतरी आत जाईपर्यंत ते तसेच धरून ठेवले.

तात्पर्य : मागून आवाज येतो म्हणजे मागचा सोबत आहे असे समजू नका; वर्गात जो सगळ्यात शेवटी उरतो, त्याने मागण्याआधी त्याच्याकडे नीट बघा आणि हात पुढे करा.